उपाशी पाणी

दोन पावसाळे मासवणची माणसं ओढ्यावरच्या नव्या बंधाऱ्यापाशी उभी राहून पाण्याचं कौतुक करत होती. पूर्वी पावसात ओढा चहासारखा यायचा. आता फळ्यांवरून सांडे ते पाणी नितळ. पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवत. फळ्या पावसाळ्याआधी काढायच्या असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पेरणीच्या धांदलीत तिकडे जाणार कोण?

बंधाऱ्याखालच्या धर्माजींच्या मळीत, ओढ्याकाठच्या तुकड्यात, मात्र वाल पिवळे पडत चालले होते. त्या तुकड्याला कधी कुणी खत घातलं नव्हतं. दर पुराला गाळाचा पोयटा बसे, त्यावरच पीक येई. या वैशाखात धर्माजी गेले. मळी अर्धेलीनं करणारा देवू त्यांच्या मुलीला म्हणाला, "विजूताय, औंदा पण तसाच वाल झाला तर आमी तारापूरला जाव. बिजलीघराच्या कामावर माणसं घेतात."

विजया पालघरच्या शाळेत शिकवायची. वडिलांची मळी ओसाड पडलेली तिला बघवणार नव्हती. ती म्हणाली, "पाणी थांबलं की हातातलं सगळं खाली ठेवतं, देवू. गाळ, कुजलेला पाला, रानातली सगळी शिदोरी. आपल्याकडे येतं ते उपाशी पाणी."

"म्हंजे आपली शिदोरी त्या फळीमागं बसलीय!" देवूची बायको चिमी उठलीच. "मग काढा की ती फळी!"

भाद्रपद सरत आला होता. मनोरकडचे डोंगर काळेभोर झाले, तेव्हा हा शेवटचाच पूर हे विजयानं ओळखलं. बंधारा सांभाळणारे नरहरीकाका ऐकेनात.

"गो पोरी, फळ्या वाहून गेल्या तर उन्हाळ्यात पाणी काय ओंजळीनं अडवू?"

"दोर बांधून काढू, काका."

"आणि गेलीच एखादी?"

"तर तिच्या जागी मला उभी करा."

"तुला? तू उभी राहिलीस तर वारासुद्धा अडेल. बापावर गेलीयेस!" काका हसले, आणि हसता हसता दोर आणायला गेले.

वरच्या फळ्या भराभर निघाल्या. खालची मात्र फुगून खाचेत घट्ट बसली होती, आणि वरून पाण्याचा घुमारा ऐकू येऊ लागला होता. देवूनं आकडा अडकवला. चिमी, काका, विजया, सगळे दोराला लोंबकळले. "हय्या! अजून! काका, जेवला नाय का सकाळी?" चिमी ओरडली. फळी कर्रकन निघाली आणि सगळे एकमेकांवर कोसळले.

खालून आला तो काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा राडा. काकांनी नाकाला उपरणं लावलं. "ही तुझी शिदोरी?"

विजयानं वाकून पाहिलं. हवेवाचून दबलेला गाळ असा काळा पडतो हे तिनं वाचलं होतं. वास मात्र पुस्तकाला नसतो. एवढाच मळीवर बसला तर?

"आला! आला!" देवू किंचाळला. वळणावरून तांबडा लोंढा उसळत आला, काळ्या राड्यात घुसला, त्याला घुसळत, उलटापालटा करत पुढे निघाला. खाली मळीचा बांध दिसेनासा झाला. विजया काठानं धावत सुटली. पदर कुठे, चप्पल कुठे, तिला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मळीवर मऊ, तपकिरी थर चकाकत होता. वास पार उडाला होता. चिमीनं बोट खुपसलं. ते मुळापर्यंत आत गेलं.

"बाबा, बघा," विजया म्हणाली, आणि थांबली. शेजारी देवू उभा होता.  खाली बसून त्यानं मूठभर गाळ उचलला, तिच्या तळहातावर ठेवला.

"वाफसा आला का वाल टाकू," तो म्हणाला. "बी हाय ना घरात?"

"बाबांनी राखेत घालून ठेवलंय. मडक्याचं तोंड अजून उघडलं नाही मी."

"मंग उघड आता."

काका बांधापलीकडून ओरडले, "अगो, माझ्या तुकड्यात पण आलाय गो! घोटाभर!"

विजयानं गाळाची मूठ मिटली आणि घराकडे पळत सुटली.