कोलशेतच्या धाकूची डागणी

मित्रांनो, घाबरू नका, माझी मूठ धरलीत तरी चालेल. आता मी कुणाला भाजत नाही. मी म्हातारी डागणी आहे. वीतभर लोखंडी दांडा, एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला पैशाएवढी चपटी चकती, एवढाच माझा संसार. तुमच्या घरी कुणाची कंबर धरली तर तेल चोळतात, शेक देतात. माझ्या काळी मला चुलीत घालत.

कल्याणच्या मारुती लोहाराने बैलगाडीच्या मोडक्या आसातून मला घडवले. घणाचे घाव सोसताना मला वाटत होते, मी विळा होणार, निदान उलथणे तरी. पण डाग देऊन दुखणी काढणारा, खाडीकाठच्या कोलशेतचा धाकू आला आणि मला घेऊन गेला. तेव्हा आगगाडी कल्याणला पोहोचून वीस-पंचवीस वर्षे झाली होती. खाडीकाठची माणसे मात्र मिठाच्या टोपल्या अजून डोक्यावरूनच वाहत. त्यांच्या कमरा धरत, खाऱ्या पाण्यात राहून गुडघे आखडत, आणि मग ती धाकूच्या अंगणात येत.

धाकू वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. पण माझ्यामुळे त्याला मान मिळाला आणि तो मान त्याच्या डोक्यात गेला. दुखणेकऱ्याला पालथे पाडायचे, चौघांनी त्याचे हातपाय दाबून धरायचे आणि लालभडक झालेली मी दुखऱ्या जागेवर टेकवायची. अंगात अडकलेला वात किंकाळीबरोबर बाहेर पडतो, अशी साऱ्या गावाची समजूत होती. म्हणून माणूस ओरडेपर्यंत मला उचलायचे नाही, हा नियम. चर्र आवाज होई, जळक्या कातडीचा वास सुटे, माणूस हंबरडा फोडी आणि भोवतीचे लोक म्हणत, "निंगाला, वात निंगाला!" खरे सांगू? नव्या दुखण्यापुढे तो जुने विसरे, एवढेच. पण तेव्हा मला स्वतःचे भारी कौतुक वाटे.

धाकूची बायको रखमाबाई परसात बायकांचे गुडघे वेगळ्या रीतीने बरे करी. तव्यावर जाडे मीठ तापवून फडक्यात बांधायचे, शेकायचे, करंजाचे तेल चोळायचे आणि चार दिवस ओझ्याला हात लावू द्यायचा नाही. "तुजी ही बायकी औषधां," म्हणून धाकू तिला हसे. मीही हसत असे.

एका उन्हाळ्यात, मीठ काढायच्या ऐन हंगामात, मिठागरावरचा ख्रिस्ती मजूर पॉल टोपली उचलता उचलता खालीच बसला. कमरेतली कळ डाव्या पायात उतरली. आठ दिवसांनी कळ थांबली, पण पाय बधिर झाला. मिठागराची जमीन पायांनी तुडवून टणक करावी लागते. पाय गेला तर पॉलचे काम गेले. म्हणून त्याची बायको उर्सुला त्याला आधार देत धाकूकडे घेऊन आली.

"धाकूदादा, याचा पाय मेल्यासारखा झायलाय. चिमटा काढला तरी याला कलत नाय."

"म्हंजे वात घट्ट बसलाय," धाकू म्हणाला. "वरडला का निंगल."

"अवो, आदी शेकून बगू या," रखमाबाई दारातून म्हणाली. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

चौघांनी पॉलला दाबून धरले. मी त्याच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला टेकले. चर्र झाले. पॉल गप्प. धाकूने दाब वाढवला. तरी पॉल गप्प. मग त्याने मातीला टेकलेली मान जरा वळवून विचारले, "लावलीस का दादा?"

"लय चिवट हाय," लोक कुजबुजले. धाकूने मूठ अधिक घट्ट धरली. एवढ्या लोकांदेखत हार कशी मानायची? त्याने अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. मित्रांनो, मी कातडी जाळली, मांस जाळले आणि हाडाला जाऊन भिडले. मला थांबायचे होते. पण लोखंडाचे कोण ऐकतो? शेवटी उर्सुलाचे लक्ष त्या धुराकडे गेले आणि तीच किंकाळली. किंकाळी कानी पडताच धाकूने सवयीने मला उचलले.

जखम चिघळली. पाय मांडीपर्यंत सुजला, पू वाहू लागला, पॉल तापात बडबडू लागला. पाचव्या दिवशी सकाळी उर्सुला एकटी धाकूच्या अंगणात आली. तिने मला खुंटीवरून ओढले आणि पेटत्या चुलीत खुपसले. मी लाल झाल्यावर तिने मला धाकूसमोर धरले.

"पाय पुढं कर दादा. माज्या पॉलच्या पायावर जेवरा वेळ धरलीस, तेवरा वेळ धर."

शेजारीपाजारी जमले. धाकूला तिला ढकलून देता आले असते. पण त्याने माझी मूठ तिच्या हातातून घेतली, खाली बसला आणि मला स्वतःच्या नडगीवर टेकवले. अर्ध्या श्वासात तो असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. त्याने मला भिंतीवर भिरकावले आणि पाय धरून तो जमिनीवर लोळला. या वेळी "निंगाला" असे कुणीच म्हटले नाही.

त्याच दिवशी रखमाबाईने पॉलला आपल्या अंगणात आणवले आणि ती त्याची जखम कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्याने धुऊ लागली. ताप उतरला, तशी तिने त्याच्या कमरेला शेक द्यायला सुरुवात केली. त्याला फळीवर निजवले, तेल चोळले, आणि खूप दिवसांनी काठीच्या आधाराने चार पावले चालवले. पाय वाचला, पण जमीन तुडवण्याचे बळ त्यात पुन्हा आले नाही. पॉल मिठाच्या राशींची राखण करू लागला. मी अंगणाच्या कोपऱ्यात गंजत पडले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

पॉलला शेक चालू होता त्या दिवसांतच एकदा रखमाबाईला बाहेर जायचे होते. तिने मिठाची गरम पुरचुंडी धाकूच्या हातात दिली. धाकू लंगडत आला, पॉलच्या पाठीशी बसला आणि पुरचुंडी त्याच्या कमरेजवळ नेऊन तशीच अधांतरी धरून राहिला.

"पॉल," तो म्हणाला, "जास्त गरम तं नाय लागत?"

मित्रांनो, इतकी वर्षे मी या माणसाच्या हातात होते. दुखणेकऱ्याला त्याने काही विचारलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. म्हणून माझे एवढे मागणे ऐका. कुणाच्या दुखण्याला हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि जो ओरडत नाही, त्याच्याकडे अधिक नीट बघा. कदाचित त्याचाच पाय जळत असेल.