उघड्या पाठी

बकरीच्या शिंगांच्या मुळाशी बोटं घालून सासूबाईंनी लोकर चाचपली. म्हणाल्या, "सुटलीय. काढा आता."

त्यांचा हात कधी चुकत नाही. पण यंदा गोबीच्या वाळवंटात ऊनच लवकर तापलं. थंडी सरली समजून बकऱ्या फसल्या, त्यांच्याबरोबर आम्हीही. लोखंडी फण्यांनी आम्ही माद्यांची सगळी मऊ लोकर विंचरून काढली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, वायव्येचं आभाळ पिवळं पडलं. माद्या लांब चरायला गेलेल्या. त्यांची पिल्लं तंबूशी दोरीला बांधलेली.

लोदोयनं, माझ्या नवऱ्यानं, मोटरसायकल काढली. बकऱ्यांच्या उघड्या पाठींवर बांधायला मी जुन्या गोधड्या, पोती, लोकरीच्या जाड नमद्याचे तुकडे मागे लादले. तान्ह्या अनूला सासूबाईंकडे दिलं, तर तिनं माझ्या झग्याची गुंडी मुठीत धरलेली. एकेक बोट सोडवावं लागलं.

"पुरतील का गं एवढ्या?" लोदोयनं विचारलं.

"नाही पुरल्या तर तुझी विजार आहेच."

"ती बघून राहिलेल्याही पळतील."

वादळात जनावर वाऱ्यापुढे चालत जातं, म्हणून आम्हीही वारा पाठीवर घेतला. आधी वाळू आली, मग गारा, मग आडवा बर्फ. लोदोय मधेच गाडी बंद करून कान देई. असंच एकदा बंद केली, ती सुरूच होईना.

"घोडा विकला नसता तर वासावर गेला असता," मी म्हटलं.

"मग आता टाकी हुंग," तो म्हणाला.

गाडी आडवी पाडून आम्ही तिच्या आडोशाला पडून राहिलो. अनूच्या पिण्याच्या वेळेला माझं दूध आपोआप पाझरलं आणि झग्यात गार झालं.

वारा पडल्यावर त्या दिसल्या, कोरड्या नदीच्या पात्रात, एकीवर एक चढलेल्या. खालच्या गुदमरल्या होत्या. वरच्या गारठून गेल्या होत्या. मधल्या तेवढ्या श्वास घेत होत्या. आम्ही त्यांच्या पाठींवर गोधड्या बांधल्या. बऱ्याच उरल्या. लोदोयनं त्या गुंडाळल्या.

वाचलेल्या बकऱ्यांना हाकत पायी घरी आलो, तर सगळी पिल्लं एकदमच ओरडायला लागली.

बकरी परक्या पिल्लाला पाजत नाही. तिला गाऊन वळवावं लागतं. "तूच गा," सासूबाई म्हणाल्या, "माझा गळा आज चालायचा नाही." मी अनूला छातीशी घेतलं आणि एका मादीजवळ बसले. "छू, छू," गात एक पोरकं भुरं पिल्लू तिच्या आचळाशी लावलं. तिनं हुंगलं आणि लाथ मारली. मी पुन्हा लावलं. पुन्हा लाथ.

"ते राहू दे, पोरी," सासूबाई हळू म्हणाल्या. "त्याच्यात जीव नाही. दूध थोडंच आहे. जगेल त्याला लाव."

मी भुऱ्याला खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. अनू डोळे मिटून पीत होती. भुरं माझ्या बुटाला ढुशा देत राहिलं, आणि मी गात राहिले.