खोक्यातला शेवटचा राक्षस

मी एक जुना राक्षस आहे. मित्रांनो, घाबरू नका. मी प्लास्टिकचा आहे, जेमतेम वीतभर उंचीचा, आणि माझं बहुतेक आयुष्य एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून गेलं आहे. मी तिथं उभासुद्धा राहू शकत नव्हतो, कारण उभं राहायला पाय धडाला जोडलेले असावे लागतात. माझे नव्हते.

एका कारखान्यात वितळलेलं हिरवं प्लास्टिक साच्यात शिरलं, थंड झालं आणि माझा जन्म झाला. पण मी अख्खा जन्मलो नाही. हात वेगळे, पाय वेगळे, छाती दोन फाकांत, तीन शिंगं, वटवाघळासारखे दोन पंख, असे माझे सगळे अवयव एका प्लास्टिकच्या चौकटीला बारीक काड्यांनी चिकटलेले होते. मला पुरा करणं हे कारखान्याचं काम नव्हतंच. ज्या मुलानं मला विकत घ्यायचं, त्यानंच एकेक अवयव कापून काढायचा, कडा घासायच्या, चिकटवायचं आणि रंगवायचं. मला चौकटीसकट खोक्यात घातलं. सोबत चिकटवायच्या गोंदाची नळी आणि जोडणीची चित्रं असलेला कागद ठेवला. झाकणाला एक पारदर्शक खिडकी होती आणि माझं डोकं नेमकं त्या खिडकीखाली आलं. जग मी तेवढ्याच चौकोनातून पाहिलं.

हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून मी रेल्वेनं सेलूला आलो. माझ्यासोबत माझ्यासारखेच बरेच भाऊ होते. आम्हाला मागवणाऱ्या दुकानदाराचं नाव बन्सीधर. त्यांचं दुकान बाजारपेठेत होतं. पुढं पाट्या, पेन्सिली, वह्या, आणि आत काचेच्या कपाटात खेळणी. बन्सीधरकाका मोठे हौशी. खोकी आली की त्यातलं एक ते स्वतः फोडायचे. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि राक्षस जोडायला बसायचे. तयार झालेला राक्षस ते काचेत दर्शनी भागात ठेवायचे. तोंडाला लाल रंग, नखांना काळा. शाळा सुटली की पोरं काचेला नाक लावून उभी राहायची.

"काका, हा रात्रीला हालतो का हो?"

"हालतो तर! काल माझी वही खाल्ली त्यानं," काका गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

मुलं आम्हाला शिंग्या म्हणायची. एकेक करून माझे भाऊ घरोघर गेले. कुणाचं शिंग उलटं चिकटलं, कुणाला निळा रंग मिळाला, कुणाच्या पाठीवर मालकाचं नाव कोरलं गेलं. पोरं ते राक्षस दाखवायला परत दुकानात आणायची. त्यांना बघून मला वाटायचं, आता माझीही पाळी येईल. मग मीही दोन पायांवर उभा राहीन.

एके वर्षी हैदराबादहून निरोप आला की त्या व्यापाऱ्यानं धंदा बंद केला, आता माल येणार नाही. कपाटात तेव्हा मी एकटाच उरलो होतो. काकांनी मला हातात घेतलं, बराच वेळ खिडकीतून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हा आता विकायचा न्हाई. सवडीनं मीच जोडीन." मला आनंद झाला. ती सवड कधीच येणार नाही, हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं?

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट सांगायला हवी. पेडगावचे रायभान नावाचे एक मेंढपाळ होते. सेलूच्या आठवडी बाजारात ते शेळ्या-मेंढ्या विकायला यायचे. त्यांचा मुलगा सुरज बापाचा बाजार उरकेपर्यंत आमच्या काचेपुढं उभा असायचा. तो कधी काही मागायचा नाही. नुसता बघायचा. एका बाजारी मात्र तो बापाचं बोट ओढत दुकानात आला. त्या दिवशी जनावरं चांगली विकली गेली असावीत, कारण रायभान हसत होते.

"शेठ, त्ये शिंगाचं काय हाय, त्ये द्या पोराला," ते म्हणाले. "लय दिसापासून डोकं खायलाय."

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुरजकडं. "त्येवढा एकच राहिलाय, पाव्हणं. तो विकाया न्हाई ठिवला. दुसरं काही घ्या. मोटार घ्या, चावीची हाय."

सुरजनं मोटार घेतली नाही. तो रडलाही नाही. खिडकीतून त्याचे डोळे एकदा माझ्या डोळ्यांना भिडले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो काचेपुढं आला नाही.

पुढची वर्षं मी काय सांगू? दुकानात बॅटरीवर चालणारी खेळणी आली, मग मोबाइलची कव्हरं आली. काचेतला जोडलेला राक्षस कुणाच्या तरी धक्क्यानं पडला आणि केरात गेला. काकांचा मुलगा गोपाळ दुकानात बसू लागला तेव्हा मला माळ्यावर टाकलं. वर पत्रा होता. परभणीकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, तर त्या पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करा. गोंदाची नळी वाळून दगड झाली. माझा डावा पंख उष्णतेनं हळूहळू वाकत गेला आणि मला तो सरळ करता येईना. खिडकीवर धूळ साचली. आधी माणसं पुसट दिसायची, मग नुसता उजेड, मग तोही नाही. मित्रांनो, अंधाराची मला भीती वाटली नाही. भीती एकाच गोष्टीची वाटायची. माझ्याजवळ हात होते, पाय होते, पंख होते, सगळं होतं. पण ते कधी एकमेकांना भेटणारच नाहीत की काय?

अलीकडं दुकान नव्यानं सजवायचं ठरलं. गोपाळनं माळा रिकामा करताना मला खाली आणलं, फडक्यानं पुसलं, आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा माणसाचा चेहरा दिसला. त्यानं माझा फोटो काढून मोबाइलवर टाकला. न फोडलेली जुनी खेळणी जमवणारे लोक असतात म्हणे. दोनच दिवसांत एक माणूस छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेनं आला. कारखान्यात नोकरी करणारा, नीटनेटका, कानाजवळ थोडे पांढरे केस. त्यानं मला दोन्ही हातांत असं धरलं, जसं कुणी तान्ह्या बाळाला धरावं.

"सील तसंच हाय!" तो पुटपुटला. "माझ्याकडं असे लय खोके हायती. काचेच्या कपाटात ठेवलेत सगळे. एकालाही हवा लागू दिली न्हाई."

ते ऐकून मी आतल्या आत गारठलो. माळ्यावर निदान विसरलं जाण्याची तरी सोय होती. आता मला जपलं जाणार होतं. कुलूप लावून, कायमचं.

तेवढ्यात बन्सीधरकाका दुकानात आले. आता ते काठी टेकत चालतात. लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला आहे. ते खुर्चीत बसले आणि पाहुण्याकडं निरखून बघू लागले.

"कोणतं गाव तुमचं?"

"मूळ पेडगाव. रायभानचा सुरज मी. काका, तुमी मला हा दिला न्हवता."

गोपाळ एकदा बापाकडं, एकदा पाहुण्याकडं बघत राहिला.

"न्हवता दिला," काका हळूच म्हणाले. "मला वाटलं, मी जोडीन. आज करू, उद्या करू. आता ह्यो हात चमचा बी धरंना. तुला देतो. पण हितं बसून जोडायचा. माझ्यापुढं."

सुरज दचकला. "फोडायचा? काका, फोडला की काय राहतंय त्याचं?"

"न फोडून तरी काय राहिलं?"

सुरजनं मान खाली घातली. त्याचा आवाज लहान झाला. "काका, खरं सांगू? एवढे खोके जमवले, पण मी आजपर्यंत एक बी जोडला न्हाई. भ्याव वाटतं. माझ्या हातून बिघडला तर?"

"बिघडू दे की!" काका एकदम हसले. "ह्या सेलूत एक बी राक्षस सरळ जोडला गेला न्हवता. म्हनून तर पोरं दाखवाया यायची. बस खाली."

सुरजनं घाम पुसला. अंगठ्याचं नख चिकटपट्टीखाली घातलं. ती चिकटपट्टी फाटली, तेव्हा जो आवाज झाला, तो मी कधी विसरणार नाही. झाकण उघडलं. कैक वर्षांची कोंडलेली हवा बाहेर गेली आणि दुकानातली ताजी हवा माझ्या अंगाला लागली.

काकांनी गोपाळला कपाटातलं नेलकटर द्यायला सांगितलं. वाळलेल्या नळीऐवजी गोपाळनं मोबाइल दुरुस्तीचा गोंद आणून दिला आणि गिऱ्हाईक सोडून तोही बघत उभा राहिला. काका खुर्चीतून सांगत होते, "आधी छाती. थोडा दाबून धर. आता सोडू नको, वाळू दे." सुरजनं माझे दोन्ही पाय एकाच दिशेनं वळलेले लावले. डावा पंख वाकलेला, तो खाचेत बसेना. त्यानं काकांकडं पाहिलं.

"लोंबला तर लोंबू दे," काका म्हणाले. "माझाबी एक हात लोंबताच हाय." आणि डाव्या हातानं त्यांनी तो पंख जागेवर दाबून धरला. गोंद वाळेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.

दुपार कलता कलता मी गल्ल्यावर उभा राहिलो. तिरका, एक पंख खाली पडलेला, छातीवर गोंदाचे ओघळ. उभा राहिलो, एवढं मात्र खरं.

सुरजनं मला कपाटात नेलं नाही. त्या दिवशी तो संभाजीनगरची गाडी सोडून उलट्या दिशेच्या गाडीत बसला आणि पेडगावला आईवडिलांकडं उतरला. त्याची आई कासाबाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"आगं बया! ह्ये तू केलंस?"

"व्हय, मीच केलंय."

"मग दिसायलंयच की, तुझ्याच वळणाचं हाय!" ती पदर तोंडाला लावून हसली आणि मला ओट्यावर ठेवून पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात एक करडू उड्या मारत आलं, माझा वास घेतला आणि त्यानं मला एक ढुशी दिली. मी ओट्यावरून खाली पडलो. माझं मधलं शिंग मोडून मातीत गेलं. सुरज धावत आला, पण त्याच्याआधी म्हाताऱ्या रायभाननी ते शिंग उचललं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते ओरडले, "आरं बघा, बघा! करडानं राक्षसाचं शिंग मोडलं!"

शेजारची पोरं जमली. एकानं विचारलं, "आजोबा, मी चिकटवू का?" आणि मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरू लागलो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं खेळणं, एखादं रंगाचं खोकं, एखादा चेंडू नवाच राहावा म्हणून वर ठेवलेला असेल. तो खाली काढा. त्याच्याशी खेळा. खराब झाला तर दुरुस्त करा, पुन्हा मोडला तर पुन्हा करा. आम्हाला स्वच्छ ठेवा, पायाखाली तुडवू नका, पण कोंडून ठेवू नका. माझं शिंग त्या पोरानं जरा वाकडंच चिकटवलं आहे, आणि आता दुसरं पोर मला हिसकावून घेण्यासाठी भांडत आहे.