घोडीच्या कानाने

जाहिदाच्या रेंजवर एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे. एअर रायफली हातात असताना रेषेच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. मग तो क्लबचा मॅनेजर असो नाहीतर पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन. रत्नागिरीहून लग्न करून दोह्यात आलेली ही बाई अंगापिंडाने किरकोळ, पण रेषेमागे उभी राहून तिने एकदा "थांबा!" म्हटलं की भल्याभल्यांचे हात जागच्या जागी थिजत. कॉलेजात एनसीसीत हात बसला होता. इथे आल्यावर तिने कोचची परीक्षा दिली आणि अल रय्यानच्या पलीकडच्या या क्लबशी भांडून भांडून बायकांसाठी शनिवारची दुपार मिळवली.

त्या शनिवारावरच आता गदा आली होती, आणि तीही एका घोडीमुळे.

या हिवाळ्यात क्लबने तबेला वाढवला. त्याची नवी भिंत थेट रेंजच्या शेवटच्या भिंतीला, म्हणजे निशाणाचे कागद लावतात त्या भिंतीला, येऊन चिकटली. पलीकडच्या पहिल्याच खणात उम्म नासिर या कतारी बाईंची करडी घोडी होती, शम्मा. गाभण, आणि दिवस भरत आलेले. शनिवारी नेमबाजी सुरू झाली की ती घामाने निथळायची, गरागरा फिरायची. गेल्या खेपेला तर दाराला लाथ मारून तिने पाय सुजवून घेतला.

उम्म नासिर स्वतः रेंजवर आल्या. मोडक्या इंग्रजीत, पण एक शब्द वाया न घालवता म्हणाल्या, "जाहिदा, तुझ्या बायकांशी माझं वैर नाही. पण येत्या शनिवारी ती पुन्हा बिथरली तर खलास. मी कमिटीला रेंज बंद करायला सांगणार."

बंद म्हणजे कायमचंच बंद, हे जाहिदाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकदा का त्या खोलीत खोगिरं आणि चाऱ्याची पोती शिरली की ती पुन्हा बाहेर निघत नाहीत. पुरुषांची रेंज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथे बायकांना वेळ नव्हता. आणि तिच्या बायका! नाशिकची नीता दोह्यात आल्यापासून कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी आई होती. शनिवारी दुपारी मात्र ती फक्त लेन दोनवरची नेमबाज असायची आणि मान ताठ करून घरी जायची. हे सगळं आता आपल्या हातून जाणार होतं.

नीताचा नवरा विजय दर शनिवारी तिला मदिनत खलीफाहून सोडायला यायचा आणि बाहेर गाडीत करक, म्हणजे इथला दाट दुधाळ चहा पीत बसायचा. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली तसा तो ताडकन उठला.

"आवाज कमी करायचाय? अहो जाहिदाताई, माझी उभी हयात त्यातच गेली! प्लांटवर वायू सोडायच्या ज्या मोठाल्या नळ्या असतात ना, त्यांचे सायलेन्सर आम्हीच बसवतो."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं जाहिदाला वाटलं. एअर रायफलीला बसवतात त्याला मॉडरेटर म्हणतात. नळीच्या तोंडावर फिरवून लावायचं लहानसं नळकांडं. छर्ऱ्यामागून सुटणारी हवा त्यात अडखळत बाहेर पडते आणि 'फट्ट'चं 'फुस्स' होतं. दुकानातून पिशवीत टाकून आणायची ही वस्तू नव्हे. क्लबच्या परवान्यावर पुरुषांच्या बाजूला तीन जातींचे होते, कुलुपात. मॅनेजरच्या मागे लागून जाहिदाने सोमवारी ते मिळवले आणि नीताला नेम धरायला उभं केलं.

पहिला होता लांबलचक. आवाज म्हणाल तर जवळपास नाहीच. विजयने मोबाइलवर मोजून आकडा दाखवला आणि जावई शोधून आणल्यासारखा हसला. पण तोंडाशी वजन पडल्याने रायफल खाली झुकायला लागली आणि नीताचा डावा हात लटपटू लागला. दुसरा आखूड नि जाडजूड. तो इतका वर आला की नेम धरायची समोरची कडीच दिसेना. तिसरा बारीक, हलका. आवाज पहिल्याहून थोडा जास्त.

"लांबवालाच घ्या ताई. आकडा बघा ना."

"आकडा रायफल उचलणारे का, विजयभाऊ? उचलणार ही तुमची बायको." जाहिदाने हलका मॉडरेटर हातात घेतला, तो नळीच्या अगदी सरळ रेषेत बसतोय ना ते दोनदा पाहिलं. वाकडा बसला तर छर्रा आतून घासतो आणि नेमाचं वाटोळं होतं. "स्पर्धेत हा चालत नाही, काढावा लागतो. पण सरावापुरता झकास. हाच."

नवरा-बायकोत तेवढ्यावरून गाडीत वाद झाला म्हणतात. पण मॉडरेटर ठरला, सगळ्या रायफलींना बसला, आणि जाहिदा कधी नव्हे ती रात्री शांत झोपली.

गुरुवारी संध्याकाळी तिने जादा सराव ठेवला. नीताने नुकतीच रेषा सांभाळायची परीक्षा दिली होती, म्हणून तिच्या ताब्यात रेंज देऊन जाहिदा प्रथमच नेमबाजी चालू असताना तिथून बाहेर पडली. उम्म नासिरना आनंदाची बातमी स्वतःच द्यायची, असा तिचा तोरा. तबेल्यात शिरली, सलाम केला, कडवट अरबी कॉफीची, गहव्याची, चिमुकली वाटी हातात घेतली.

ठण्ण!

वाटी हिंदकळली. पुन्हा ठण्ण! शम्माने मान झटकली, कान भिंतीकडे वळवले आणि थरथरत मागे सरकली.

"हाच का तुझा शांत आवाज?" उम्म नासिर उठून उभ्या राहिल्या.

जाहिदाने भिंतीला हात लावला. रायफलीचं 'फुस्स' इथे ऐकूसुद्धा येत नव्हतं. छर्रे अडवायला निशाणामागे जाड लोखंडी पत्रा होता, थेट याच भिंतीत बोल्टने आवळलेला. छर्रा त्यावर आदळायचा आणि पलीकडे घंटा वाजायची. रायफलीच्या तोंडाला त्यांनी हौसेने मुसकं बांधलं होतं आणि बोंब ठोकत होती भिंत! गोळी सुटताना पुढे जायचं नाही, म्हणून आजवर कुणी पुढून ऐकलंच नव्हतं. नियम सोन्यासारखा होता. त्या नियमामागे उभं राहून आपण मागच्या मागे आवाज मोजत बसलो, याची मात्र तिला भयंकर लाज वाटली.

"शनिवारपर्यंतची मुदत तुम्हीच दिली आहे," ती म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत."

"शनिवार म्हणजे शनिवार," उम्म नासिर म्हणाल्या.

बाहेर येऊन तिने विजयला गाठलं नि सगळं सांगितलं. विजयने कपाळाला हात लावला.

"प्लांटवर नव्या पोराला मी पहिला धडा हाच देतो, की आवाज येतो कुठून ते आधी शोध. आणि इथे स्वतःच अक्कल गहाण टाकली!"

"एकट्याने नाही हो, दोघांनी मिळून टाकली. आता सोडवा."

विजय एकदम म्हणाला, "पुट्टी! केबलच्या भोकांत भरतो ती. कधी वाळत नाही, मऊच राहते. छर्रा आत शिरला की रुतून बसेल. आणि पत्रा भिंतीवरून सोडवून रबरावर उभा करू."

शुक्रवारी बायका जमल्या. पत्रा सुटला, रबरावर उभा राहिला, पुढे उथळ लाकडी खोकी आली. पुट्टीचे गोळे मात्र दगडासारखे. जाहिदाने एक गोळा उचलून दाबून पाहिला.

"ही उकड आहे गो! तांदळाच्या भाकरीची. गरम हातांनी मळा, तरच ऐकेल."

मग काय, बायका खाली फतकल मारून मळायला बसल्या. कोपरापर्यंत हात करडे झाले, नखं गेली, हसून हसून पुरेवाट झाली.

"स्वयंपाकघरातून सुटका म्हणून रायफल धरली," नीता धापा टाकत म्हणाली, "आणि ताई, इथंही तुम्ही कणीकच मळायला लावलीत!"

शनिवार उजाडला. जाहिदा पुन्हा शम्माच्या खणात जाऊन उभी राहिली. उम्म नासिर खुर्चीत बसून तसबीहची माळ ओढत होत्या, घोडी लसूणघास चघळत होती. ठरलेली वेळ झाली. जाहिदाने श्वास रोखला. बाई गं, आता एक जरी ठण्ण झालं तरी संपलं.

काहीच होईना.

ती थांबली, आणखी थांबली. घोडीने घासाचा दुसरा भारा ओढला. जाहिदाला घाम फुटला, मग रागच आला. घाबरून बसल्या असतील सगळ्या! तिने तोंडाला पदर लावत हळूच नीताला फोन केला.

"अगो, करताय काय? सुरू करा ना! बाई इथे वाट बघताहेत."

"सुरू काय ताई?" पलीकडून नीता म्हणाली. "पहिली फेरी झालीसुद्धा. कागद बदलतोय आम्ही."

जाहिदाने फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि भर तबेल्यात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय म्हणाली ती?" उम्म नासिरनी विचारलं.

जाहिदाने डोळे पुसत सांगितलं. उम्म नासिर उठल्या. शम्माच्या पोटावर तळहात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. घोडीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

"मग आठवड्यातून एकच दिवस कशाला येता?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी इथे नाल ठोकणारा येतो. तो तुमच्यापेक्षा जास्त कल्ला करतो. कमिटीला मी सांगते, मंगळवारही तुमचा."