तोफेला ऐकू येत नाही

बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून तिचे कान गेले होते. आवाज मात्र शाबूत होता, उलट वाढला होता, म्हणून गिरणीत सगळ्या तिला 'तोफ' म्हणत. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू जात नसे. त्यामुळे प्रत्येक विणकर बाईला ओठ वाचता येत आणि आवाज न काढता बोलताही येई. सासूच्या चहाड्या, मुकादमाची टिंगल, संपाची तारीख, सगळं असंच या टोकापासून त्या टोकाला जायचं.

आता घरात एक अडचण झाली होती. दीड वर्षाची नात बोलायला लागली होती आणि तिचे ओठ काही वाचता येत नव्हते. बोबडं तोंड कसंही हलायचं, मुलगा हसायचा, सून हसायची, तोफ नुसती बघत बसायची. त्या पोरीसाठी तिला कानाचं यंत्र हवं होतं.

यंत्र कायद्यानं मिळणार होतं. आणि तो कायदा काही आभाळातून पडला नव्हता. तिच्या आईच्या काळात गिरणीची मालकीणबाई हिवाळ्यात विधवांना ब्लँकेटं वाटायची. आधी वाकायचं, मग ब्लँकेट. "ऊब होती गं त्याला," आई म्हणायची, "पण घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं." त्याच बायकांनी पुढे चार महिने माग बंद ठेवले आणि सरकारकडून लिहून घेतलं, की कामानं जे शरीर मोडेल त्याची जबाबदारी सगळ्या देशाची. आमच्या पगारातून कापून घ्या, म्हणाल्या, पण पुन्हा वाकायला लावू नका.

आणि आता कल्याण खात्यानं यंत्रं वाटायला सभागृहात समारंभ ठेवला होता. कारकुनानं दारातच एकेकीला ओठ फाकवून बजावलं, "स्टेजवर यायचं, साहेबांपुढे वाकायचं, फोटो काढायचा. फोटो नाही, तर यंत्र नाही."

तोफ चौथ्या रांगेत बसली. वर साहेब कारकुनाच्या कानाला लागले होते. गिरणीतल्या चाळीस बहिऱ्या बायकांपुढे काय बोललं तरी चालतं, असं त्यांना वाटलं असावं. तिनं वाचलं: "गरीब दिसणाऱ्या आधी बोलव. रडल्या तर उत्तमच."

तळपायाची आग मस्तकात गेली. मग नात आठवली. वाकायला असा कितीसा वेळ लागतो, असंही वाटून गेलं. पण आईनं चार महिने पोटाला चिमटा काढला, तो हिनं फोटोसाठी वाकावं म्हणून? तिनं मागे वळून ओठ हलवले, "कुणी उठायचं नाही."

"आम्हीही वाचलं गं," मागच्या रांगेतून उत्तर आलं. पुढे साहेबांविषयी जे आलं, ते लिहिण्याजोगं नाही.

पहिलं नाव पुकारलं. कुणी हललं नाही. दुसरं झालं, तिसरं झालं. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता; अर्थात यांना नाही. कारकून माइकवर बेंबीच्या देठापासून ओरडला.

तोफ बसल्या जागी धडाडली, "ऐकू येत नाही साहेब! म्हणूनच तर आलोय!"

समारंभाला बोलावलेले वार्ताहर हसले. साहेबही हसले आणि हसता हसता काहीतरी पुटपुटले. तोफ उभी राहिली.

"काय म्हणालात? 'हिचं नाव यादीतून उडव'? माझा हक्क कायद्यात आहे साहेब, तुमच्या खिशात नाही! कचेरीतली वाटपाची खिडकी उघडा. आम्ही सही करतो, यंत्र घेतो. वाकणार नाही."

वार्ताहरांची पेनं चालू लागली. साहेबांनी तोंडावर हात धरून कारकुनाला काही सांगितलं. तेवढं मात्र कुणालाच वाचता आलं नाही. पाच मिनिटांत खिडकी उघडली.

संध्याकाळी घरी येऊन तिनं यंत्र कानात बसवलं. भांडी केवढ्यानं वाजतात! नात जमिनीवर चमचा आपटत होती. तोफेनं हात पसरले. "ये, आजीला पापा दे."

पोरीनं मान उडवली. "नाई!"

नातीचा ऐकलेला हा पहिला शब्द. तोफेनं तिला उचलून कानाशी धरलं, तसा तिचा गाल टेकून यंत्रानं शिट्टी मारली.

"शाब्बास गं माझी बाई!" ती म्हणाली. "परत म्हण बघू."