आजोबांचा रकाना

कंपनीत तिला मोजपट्टी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर ती स्वतःच फोन उचलून "मोजपट्टी बोलतेय" म्हणायची. वाईट वाटून घ्यावं असं तिला त्यात काही दिसत नव्हतं. मोजपट्टी खोटं बोलत नाही. एवढा गुण नावाला चिकटला तर चिकटू दे.

कंपनी कॉम्प्युटरची राखण करणारं सॉफ्टवेअर बनवायची. प्रत्येक कॉम्प्युटरवर ते ठाण मांडून बसे, आत येणाऱ्या फाइलींची झडती घेई, आणि संशय आला की मुख्य सर्व्हरला वर्दी देई. सगळे त्याला पहारेकरी म्हणत. पण पहारेकऱ्याला घर मानवायला हवं. ऑपरेटिंग सिस्टीम शेकड्यांनी नसल्या तरी डझनावारी होत्या, आणि प्रत्येकीचं वय वेगळं, खोडी वेगळ्या. पहारेकरी कुठल्या सिस्टीमवर नांदतो आणि कुठल्या सिस्टीमवर नाही, हे सांगणारा एक मोठा तक्ता होता. उभे रकाने सिस्टीमचे, आडव्या ओळी चाचण्यांच्या. चाचणी जमली की चौकोन हिरवा, फसली की लाल. हा तक्ता सांभाळायचं काम चार महिन्यांपूर्वी मोजपट्टीकडे आलं होतं.

तक्त्याच्या डाव्या टोकाला सगळ्यांत जुन्या सिस्टीमचा रकाना होता. त्या सिस्टीमला कंपनीत आजोबा म्हणत. पहारेकऱ्याची पाचवी आवृत्ती आल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, आजोबांचा रकाना वरपासून खालपर्यंत लालभडक होता. आजोबांवर चालणारे ग्राहक म्हणून चौथ्या आवृत्तीवरच दिवस काढत होते. त्या चौथीची मुदत आता महिनाअखेर संपत होती. शुक्रवारी दुपारी तीनच्या बैठकीत आजोबांचा रकाना तक्त्यातून कायमचा काढायचा, असं ठरलं. सोमवारी तिला हे कळलं, आणि संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिनं ते सांगून टाकलं. सांगणं भागच होतं, कारण समोर नणंद बसली होती.

नणंद एका छोट्या इस्पितळात रक्त तपासणीचा विभाग सांभाळायची. तिथलं पेशी मोजणारं मशीन ठणठणीत होतं, पण त्याचा कॉम्प्युटर आजोबांवर चालायचा, आणि मशीन बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टीमसाठी काही लिहिलंच नव्हतं.

"म्हणजे महिनाअखेरनंतर माझ्या मशीनला पहारेकरी नाही?" नणंदेनं कप खाली ठेवला.

"नाही."

"आणि पहारेकरी नाही तर इस्पितळाच्या नियमानं कॉम्प्युटर बंद. मशीन बंद. नमुने दुसऱ्या गावी पाठवा आणि दोन दिवस वाट बघा. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन आई माझ्या खिडकीशी उभी असते वहिनी, तिला काय सांगू? रकाना काढला म्हणून?"

"वन्सं, मी तक्ता भरते. पहारेकरी बनवत नाही."

"मग नीट भर. वहिनी राखणदारांच्या कंपनीत, आणि नणंदेच्या दाराला कडी नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

सासूबाई स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पपईच्या फोडी मोजत होत्या. साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या घासन् घास मोजून खात. "आधी जेवून घ्या दोघी," त्या म्हणाल्या. "भांडण पचायला जड असतं. ते मोजताही येत नाही."

नणंद हसली, पण 'नीट भर' हे दोन शब्द मोजपट्टीच्या मनात कुसळासारखे रुतले. कारण खरं सांगायचं तर तिनं आजोबांचा रकाना भरलाच नव्हता. चाचण्या आपोआप चालायच्या, निकाल आपोआप तक्त्यात यायचे. लाल रंग आधीच्या तक्त्यातही होता, त्याच्या आधीच्यातही. दीड वर्ष तो एका तक्त्यातून दुसऱ्यात वारसाहक्कानं येत होता, आणि तो आपल्या डोळ्यांनी कुणी पाहिलाय का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वकिलाकडे गेली. वकील म्हणजे पहारेकरी आणि सर्व्हर यांच्यातला संवाद लिहिणारा प्रोग्रॅमर. आपल्या कोडवर कुणी बोट ठेवलं की तो असा बाजू मांडायचा की आरोप करणाराच शेवटी माफी मागून जाई.

"मशीनच्या नोंदींत काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. "सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होऊ शकला नाही. पाचव्या आवृत्तीत आपण निरोप कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन नवीन घेतलं. आजोबांना ते झेपत नाही. खटला संपला."

"शेवटचे अपडेट घातले की झेपतं, असं कागदपत्रांत आहे."

"कागदपत्रांत तर माझं वजनही साठ किलो आहे."

"कुणी समोर बसून पाहिलंय?"

"ताई, सूर्य पूर्वेला उगवतो हे तुम्ही रोज गच्चीवर जाऊन बघता का?"

"दीड वर्ष कुणीच बघितलं नसेल, तर एकदा बघून येते," ती म्हणाली.

वकील हसला, पण माणूस सरळ होता. बैठकीच्या भरवशावर सोमवारीच घातलेली, आजोबा दिसले की बसायलाच नकार देण्याची अट काढून टाकलेला पहारेकरी त्यानं बुधवारी तिला करून दिला. "घ्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध निघालं तर मलाही वाटीभर आणा."

चाचणीची खोली तळमजल्यावर होती. तिथे खरे व्हायरस सोडून पाहत, म्हणून त्या मशीनना बाहेरचं वारंही लागू देत नसत. इंटरनेट नाही, कंपनीचं नेटवर्क नाही, फक्त त्याच खोलीतला एक सर्व्हर. सगळे जण वरच्या मजल्यावरूनच बटण दाबून चाचण्या सुरू करत. गुरुवारी सकाळी मोजपट्टी खुर्ची ओढून आजोबांच्या समोर बसली तेव्हा खुर्चीखाली धुळीचा एक चौकोन निघाला.

तिनं वही उघडली. कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाईंनी लावलेली एक सवय तिच्या अंगवळणी पडली होती. निरीक्षणाच्या आधी वेळ लिहायची. पुढे कॉम्प्युटर आल्यावर तिनं त्यात आपली भर घातली होती. एक वेळ मनगटावरची, एक मशीनवरची. लोक हसत. कशाला दोनदा? सवय ती सवय.

मनगटावर दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मशीनवर बारा वाजून चार.

बारा वाजलेत खरे आजोबांचे, असं मनाशी म्हणत तिनं घड्याळावर क्लिक केलं. तारीख उघडली. एक जानेवारी. अकरा वर्षांपूर्वीची.

मग हळूच उठून तिनं भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहिलं. काम नसेल तेव्हा वीज तोडणारी ती आपोआप चालणारी सॉकेटं होती, आणि त्यांच्यावर ती बसवल्याची तारीख चिकटवलेली होती. दीड वर्षांपूर्वीची. पाचवी आवृत्ती आली तोच महिना.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि सगळ्यांनी कावळ्याला धरलं होतं.

वीज नसताना मशीनचं घड्याळ एका छोट्या गोल बॅटरीवर चालतं. आजोबांची ती बॅटरी कधीचीच मेली असणार. जोवर मशीन अखंड चालू होतं तोवर कुणाला पत्ता लागला नाही. सॉकेटं आली, इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय नव्हतीच, आणि दर वेळी वीज तुटली की आजोबा अकरा वर्षं मागे जाऊ लागले. तिथे पहारेकरी सर्व्हरला ओळखपत्र विचारी. सर्व्हर दाखवी. ओळखपत्रावर लिहिलेलं असे, गेल्या वर्षापासून वैध. अकरा वर्षांपूर्वी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या दृष्टीनं ते अजून सुरूच व्हायचं होतं. असलं ओळखपत्र दाखवणाऱ्याशी शहाण्या राखणदारानं बोलू नये, आणि तो बोलत नव्हता. दीड वर्ष इमानानं कर्तव्य करून त्यानं लाल शेरे मिळवले होते.

तिनं हातानं घड्याळ बरोबर लावलं. संपर्क झाला. पडद्यावर हिरवी ढाल उमटली. पण अर्ध्याहून जास्त चाचण्यांत वीज तोडून मशीन पुन्हा सुरू करावं लागे. म्हणजे बॅटरी हवी, आणि ती आजच हवी.

"मागणीपत्र भरा, सही आणा, सोमवारी मिळेल," भांडारातले काका म्हणाले.

"काका, बैठक शुक्रवारी आहे."

"मग बैठकीला सांगा, सोमवारी ये म्हणून."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात त्या मापाची बॅटरी संपली होती. ती घरी आली तेव्हा सासूबाई वाटी काट्यावर ठेवत होत्या. मोजपट्टी काट्याकडे बघत राहिली, मग तिनं तो अलगद उलटा केला. झाकणावर माप छापलेलं होतं. तेच.

"आई, यातली बॅटरी देता का?"

"आणि मी मोजू कशानं?"

"उद्याचा एक दिवस डोळ्यांनी."

"डोळ्यांनी मोजत होते म्हणूनच साखर वाढली ना!"

"आई, दे गं," नणंद म्हणाली. तोवर तिच्या कानावर सगळं गेलं होतं. "माझ्या मशीनसाठी आहे."

सासूबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "घेऊन जा. पण उद्या रात्रीच्या जेवणाआधी परत पाहिजे. नाहीतर मोजपट्टी मी लावीन तुला."

शुक्रवारी सकाळी तिनं आजोबांचं झाकण उघडलं, जुनी बॅटरी काढली, काट्यातली बसवली. भिंतीवरची वीज तोडली. शंभर आकडे मोजले. वीज दिली. मनगटावर नऊ वाजून सोळा. मशीनवर नऊ वाजून सोळा. तेच आकडे तिनं वहीत शेजारी शेजारी दोनदा लिहिले. इतक्या आनंदानं तिनं बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं.

चाचण्या अडतीस होत्या. पहिली हिरवी. पाचवी हिरवी. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा मांडीवर ठेवला आणि एकविसावी हिरवी होताना पाहिली. पावणेतीनला सदतीस चौकोन हिरवे होते आणि एक लाल. अनोळखी पेन ड्राइव्ह लावला की पहारेकऱ्यानं तो तत्काळ अडवायचा असतो. आजोबांवर त्याला चाळीस सेकंद लागत. तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चाळीस. तो चौकोन तिनं लालच ठेवला.

बैठकीत सहा जण होते. विभागप्रमुख मॅडम कमी बोलत आणि घड्याळाकडे जास्त बघत. पडद्यावर तक्ता आला, आणि डावं टोक हिरवंगार दिसताच खोलीत कुणीतरी खोकलं.

"हा कुठला रकाना?" मॅडमनी विचारलं.

"आजोबांचा," मोजपट्टी म्हणाली, आणि बॅटरीची हकीकत तिनं आठ वाक्यांत सांगितली.

वकील लगेच उठला. "हरकत आहे. ताईंनी बॅटरी बदलली आणि चाललं, हे मान्य. पण दोष बॅटरीचाच होता, हे सिद्ध कुठे होतं? चाचण्या सुरू करताना आणखी काहीतरी बदललं असेल. जुन्या सिस्टीमचा काही नेम नसतो."

"बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "उलट बाजूनंही तपासायला हवं. तुमचा लॅपटॉप द्या जरा."

वकिलाचा लॅपटॉप महिन्याभराचाच होता. सिस्टीम सगळ्यांत नवी, तक्त्याच्या उजव्या टोकाची, आजवर एकही लाल चौकोन न पाहिलेली. मोजपट्टीनं तो मोठ्या पडद्याला जोडला. घड्याळ आपोआप जुळण्याची सोय बंद केली. तारीख अकरा वर्षं मागे नेली, एक जानेवारी. पहारेकरी पुन्हा सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

हिरवी ढाल करडी झाली. तिच्याखाली एक ओळ उमटली.

सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होऊ शकला नाही.

खोलीत असा हशा उसळला की शेजारच्या खोलीतल्यांनी दार उघडून पाहिलं. सगळ्यांत मोठ्यानं वकील हसत होता. "माझाच साक्षीदार फितूर!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "मॅडम, मी खटला मागे घेतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. "सगळं हिरवं करून दाखवायला निघालात, मग हा एक लाल का ठेवलात?"

"कारण तो लाल आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "रकाना राहील. आजोबांवरच्या सगळ्या ग्राहकांना सोमवारपासून पाचवी आवृत्ती द्या. लाल चौकोनाची सूचना स्पष्ट लिहा." त्या वकिलाकडे वळल्या. "चाळीस सेकंदांचं?"

"दोन दिवस द्या."

"आणि तक्त्यात सगळ्यांत वर एक नवी ओळ घाला. मशीनचं घड्याळ, मनगटाचं घड्याळ. ती हिरवी झाल्याशिवाय खालची एकही चाचणी सुरू करायची नाही." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "मोजपट्टी, तुमच्या वहीचं एक पान मला हवंय. दोन्ही वेळा लिहिलेलं. भिंतीवर लावायला."

मोजपट्टी तळमजल्यावर गेली तर वकील आधीच तिथे उभा. त्यानं गाडीच्या किल्लीचं झाकण उघडून आतली गोल बॅटरी बाहेर काढली होती. "हा माझा दंड," तो म्हणाला. "ही आजोबांना बसवा आणि सासूबाईंची त्यांना परत करा. मी सोमवारपर्यंत गाडीचं कुलूप हातानं उघडीन. आयुष्यात काहीतरी हातानं तपासलं, एवढं तरी समाधान."

रात्रीच्या जेवणाआधी काटा सुरू झाला. सासूबाईंनी वाटी ठेवली, आकडा पाहिला आणि समाधानानं मान हलवली. नणंदेनं वहिनीच्या ताटात पपईची सगळ्यांत मोठी फोड वाढली. न मोजता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मोजपट्टीच्या फोनवर एक फोटो आला. रक्त तपासणीच्या मशीनचा पडदा, त्यावर पाचव्या आवृत्तीची हिरवी ढाल, आणि बाजूला काचेत पुसट दिसणारी खिडकीबाहेरची रांग. खाली नणंदेनं लिहिलं होतं, "नीट भरलास हं तक्ता."

मोजपट्टीनं फोटो मोठा केला. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं.

दोन्ही नऊ वाजून पाच. मग ती हसली.