खुर्दाद महिन्याचा एक

माझ्या डोक्यात काय चालतं हे माझ्या बायकोने तीस वर्षांत कधी विचारलं नाही. ते विचारायला सरकारने माणूस पाठवला.

अठ्ठ्याण्णव साली हैदराबादेत जो तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. आमच्या खात्यानेही ठरवलं की चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी कधी निवृत्त होणार हे यापुढे ‘एक्स्पर्ट सिस्टिम’ ठरवील. म्हणजे जाणत्या माणसाचे नियम मशीनला शिकवायचे आणि त्याला मोकळं करायचं. हा जाणता माणूस म्हणजे मी, एकनाथराव, सेवापुस्तकं तपासणारा अधीक्षक. मनातून मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मशीनला शिकवायला आला आदर्श. चिक्कडपल्लीचा पोरगा, वय चोवीस, मराठी बोलायचा पण वाचताना अडखळायचा. तीन आठवडे माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

“काका, हा कागद पाहिल्यावर पहिले काय बघता?”

“तारीख.”

“उसके बाद?”

“शाई. मग सही. मग वय आणि नोकरीला लागल्याचं साल जुळतंय का ते.”

“पण शाईच का?”

या ‘का’ने मी आधी चिडायचो. पुढे मलाच गोडी लागली. बरकतपुऱ्याला घरी जाताना बसमध्ये स्वतःला विचारत बसायचो, खरंच, शाई का पाहतो मी? असं आपल्याच डोक्यात डोकावणं मला नवीन होतं आणि त्यात मजा होती.

एक दिवस फसलीचा विषय निघाला. निजामाच्या राज्यात जन्मलेल्यांचे जुने दाखले उर्दूत असतात आणि त्यांवर साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं, असतं. आदर्शने ‘१३४९’ पाहून डोळे मोठे केले. “काका, ये आदमी साडेसहाशे साल का है?”

मी पोट धरून हसलो. “पाचशे नव्वद मिळव. झालं इंग्रजी साल.”

“बस? इतकंच?”

“इतकंच.”

त्याने लिहून घेतलं. यंत्र सुरू झालं. त्यातून छापील कागद निघायचे: अमुक कर्मचारी, अमुक तारखेला निवृत्त. खाली ओळ असायची, ‘हा संगणकाचा निकाल आहे, सहीची आवश्यकता नाही.’

मार्च नव्व्याण्णवमध्ये धोरणाच्या हुकुमाचा मसुदा माझ्याकडे वाचायला आला. कृत्रिम बुद्धिमत्ता, नवे तंत्रज्ञान, सगळे भारदस्त शब्द होते. चौथं कलम होतं: ‘प्रणालीचा निकाल अंतिम समजावा. त्यावर अर्ज स्वीकारू नयेत.’ सोमवारी त्यावर सही व्हायची होती. मी कौतुकाने मान डोलावत वाचत होतो, तेवढ्यात टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

“जयभीम साहेब. मी पंचफुला. दवाखान्यात आया हाय.” त्यांनी छापील कागद पुढे केला. “ह्यात लिवलंय मी ह्या एप्रिलात रिटायर. माझी अक्का तिथंच सैपाकघरात होती, ती आत्ता डिसेंबरात साठ भरून घरी गेली. तिचं बरोबरच हाय. पण मंग मी चार महिन्यानं साठ कशी? आमच्या आईनं चार महिन्यात दुसरं लेकरू कसं काढलं?”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसल्या नाहीत. “पोरीचं नर्सिंगचं येक वरीस राहिलंय. मला ते वरीस पायजे, साहेब.”

मी त्यांचं सेवापुस्तक मागवलं. मूळ दाखला काढला. जन्म: खुर्दाद १३४९ फसली. सवयीने पेन्सिल उचलली आणि कोपऱ्यात लिहिलं, १९४०.

मग त्या आकड्याकडे पाहतच राहिलो. पाचशे नव्वद मिळवले तर १९३९ येतात. मशीननेही १९३९च काढले होते. माझ्या हाताने मला न विचारता एक जास्त मिळवला होता.

आदर्शला बोलावलं. त्याच्यासमोर बोटांवर महिने मोजले. फसली वर्ष सुरू होतं आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात. पहिले तीन महिने पाचशे नव्वद. पुढे इंग्रजी साल बदलतं, म्हणून पाचशे एक्याण्णव. खुर्दाद म्हणजे एप्रिल. बत्तीस वर्षं माझा हात महिना पाहून हे करत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“काका, मी विचारलं होतं,” आदर्श हळूच म्हणाला. “बस, इतकंच, असं.”

“हौ बाबा. विचारलं होतंस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपसचिव भगवंतराव भले माणूस. सगळं ऐकून म्हणाले, “नोट लिहा की प्रोग्राममध्ये दोष होता. तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत, उगाच नाव कशाला खराब करता?”

बाहेर बाकावर पंचफुलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नोट लिहिली: नियम मी सांगितला, तो अपुरा होता, चूक माझी. मला ठाऊक नसलेले असे आणखी किती नियम माझ्या हातात असतील, हे मला सांगता येत नाही. सबब चौथं कलम काढावं, कर्मचाऱ्याची हरकत ऐकावी आणि प्रत्येक निकालाखाली माणसाची सही असावी. भगवंतरावांनी दोनदा वाचली, सुस्कारा सोडला आणि पुढे पाठवली. कलम बदललं. पंचफुलाबाईंना वर्ष मिळालं.

पण आदर्श गप्प बसणारा नव्हता. त्याने जुनी यादी चाळली. “काका, असे सात आहेत. बाईंचा नंबर सातवा. बाकीचे सहा घरी गेले.”

सहा जण! एकानेही तक्रार केली नव्हती. मी प्रत्येकाच्या दारी स्वतः जायचं ठरवलं.

पहिलं घर मलकपेठेत, पहारेकरी संभाजी यांचं. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त. दारात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं, की तुमचं अजून एक वर्ष आहे, परत कामावर या.

“मला वाटलंच व्हतं येक वरीस कमी पडतंय,” ते म्हणाले. “पण म्हणलं मशीन बोललंय, आपुनच मोजायला चुकलो आसू.”

मला राग आला, स्वतःचा आणि थोडा त्यांचाही. “अहो, मग विचारायचं नाही का?”

त्यांनी आत जाऊन तो छापील कागद आणला. जपून घडी घालून ठेवला होता. माझ्यासमोर उलगडून खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“कुणाला इचारायचं, साहेब? ह्याच्यावर नावच नव्हतं कुणाचं.”

मी खिशातून पेन काढलं. बरोबर आणलेल्या त्यांच्या नव्या हुकुमावर सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली माझ्या टेबलाचा नंबर.